नव्या मंडळ्या उभ्या राहतायत, सह्यांचा अधिकार मात्र अजून एकाच टेबलावर

नेवासेकर

सर्वांना सलाम. बरेच दिवस मनात साठलेलं आज या फोरमवर लिहितोय. संप्रदायाचं आणि मूळ मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव मुद्दाम घालत नाही. मला कुणा एकाला दोष द्यायचा नाही, आणि हे दुखणं मराठी मंडळ्यांमध्ये जवळजवळ सगळीकडचं आहे.

मी नगर जिल्ह्यातला, गेली सोळा वर्षं चाकणच्या एमआयडीसी पट्ट्यात नोकरीला. नगर, जालना, बीडकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबं इथे खूप आहेत. आमची नावं शहरातल्या मूळ मंडळीच्या रजिस्टरात. तिथे जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात आणि उपासना साडेनऊची. सेकंड शिफ्ट असेल तर आशीर्वाद व्हायच्या आधीच उठावं लागतं. म्हणून चार घरांनी बुधवारची प्रार्थना सुरू केली, नंतर रविवारी सकाळी सातची उपासना. आज एकेचाळीस कुटुंबं आहेत. भाड्याचा पत्र्याचा शेड, सतरंज्या, एक ढोलकी, एक पेटी. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, दीड-दोन महिन्यांतून एकदा येतात, तेव्हाच प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी. बाप्तिस्मा मूळ मंडळीतच.

हे सगळं चालवून घेत होतो. पण मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका ताईंचे सासरे वारले. दफनभूमीत जागा मिळायला पाळकांचं पत्र लागतं, आणि पत्रासाठी वर्गणीची पावती. पाळकसाहेब परगावी, सेक्रेटरींचा फोन लागेना. म्हातारबाबांचं शरीर बर्फाच्या लादीवर ठेवलेलं, खाली परात, परातीत पाणी ठिबकतंय आणि नातू दर तासाला ती परात मोरीत रिकामी करून आणतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पत्र आलं. बाबांच्या आजारपणात रात्र-रात्र बसलेले आमचे तीन वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी घेणारे ज्येष्ठ, त्या खोलीतच होते. त्यांच्या सहीला किंमत नव्हती.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून आहे. जिथे माणसं आहेत तिथेच अधिकार हवा. वडील तिथलेच, हिशेब तिथला, दफनाचं पत्र तिथलं, आणि त्यांच्यापैकीच एकाला पाळकपदाची दीक्षा देऊन प्रभुभोजनाचा अधिकारही. आधी पूर्ण तयार व्हा, मग देऊ, असं म्हणत बसलं तर तो दिवस कधीच येत नाही. अधिकार हातात आल्यावरच माणूस तयार होतो. आणि अशी मंडळी उभी राहिली की तिने पुढच्या वस्तीत दुसरी उभी करावी. रांजणगावला आमचीच सात कुटुंबं वाट बघतायत.

तुमच्याकडे काय चालतं, ते सांगा.

जुनी पानं

नेवासेकर, तुमच्याच जिल्ह्यात हा वाद १७० वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला. पुढची वीसेक वर्षं सगळा कारभार मिशनरींच्या हाती. खेड्यांत राहणारे विश्वासीही नगरच्याच मंडळीचे सभासद, तिथून चालत प्रभुभोजनाला यायचे. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून, हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं असं, की मिशनरीचं काम मंडळी उभी करून पुढे जाण्याचं. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःच पसरावं. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांनीही त्याच काळात हाच विचार मांडला होता. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना दीक्षा मिळून नगरच्या मंडळ्या एतद्देशीय पाळकांकडे आल्या, आणि मग खेड्यापाड्यांत वेगळ्या मंडळ्या स्थापन होऊ लागल्या.

यात दोन गोष्टी विसरू नयेत. एक, हे दोघेही ब्राह्मण घराण्यातून आलेले, शिकलेले. खेड्यातल्या मंडळ्या मात्र बहुतांश महार-मांग वस्त्यांतल्या. त्यांच्यातून पाळक नेमायची वेळ आली तेव्हा ‘हे अजून शिकलेले नाहीत’ हे वाक्य लगेच पुढे आलं. आज शेडमधल्या वडिलांना ऐकावं लागतं तेही तेच. दुसरी गोष्ट, स्थानिकांना अधिकार द्या हा हुकूम स्थानिकांना न विचारता बोस्टनहून आला. त्याच झपाट्यात अँडरसननी इंग्रजी शाळांना कात्री लावून सगळा भर मराठी शाळांवर दिला. इंग्रजी शिकू पाहणारी पोरं दुसऱ्या शाळांत गेली. केंद्राने वरून लादलेलं विकेंद्रीकरण असं असतं.

पाळकाची लेक

नेवासेकर दादा, बर्फाच्या लादीचं वाचून पोटात कालवलं. तरी दुसऱ्या बाजूचं घर मी आतून पाहिलंय म्हणून लिहिते.

माझे पप्पा अकरा ठिकाणं सांभाळायचे. रविवारी तीन उपासना, मध्ये एक लग्न, संध्याकाळी कुणीतरी दवाखान्यात. प्रभुभोजनाचा डबा, म्हणजे छोटे पेले आणि ताटली ठेवायची ती लाकडी पेटी, कायम दाराशी तयार. आम्ही भावंडांनी त्यांना रविवारी दुपारी जेवताना पाहिलेलं फार आठवत नाही. त्यांना अधिकार सोडायचा नव्हता असं नाही. घटनेप्रमाणे प्रभुभोजन फक्त दीक्षित पाळकच देऊ शकतो, म्हणून तेच पळत राहिले. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सांगतो, की तूही खचशील आणि हे लोकही खचतील. लोक खचतात हा भाग आपण नेहमी गाळतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांगेत उभे राहणारे लोक.

आता पैशाचं. पगार येतो मूळ मंडळीच्या दानार्पणातून, आणि त्यातूनच धर्मप्रांताला, म्हणजे बिशपच्या कार्यालयाला, ठरलेला वाटा जातो. तुमची एकेचाळीस कुटुंबं वेगळी झाली तर मूळ मंडळीला पाळकाचा पगार जड जाईल. हे उघडपणे कुणी बोलत नाही, ‘एकी राखा’ असं म्हणतात. माझ्या मते नाही म्हणण्यामागे निम्म्या वेळा हीच भीती असते, आणि ती खोटी नाही. तिचं उत्तर आकड्यांत द्यायला हवं.

पंच कमिटी

मी एका पास्टरेटचा, म्हणजे एका पाळकाकडच्या मंडळीचा, सेक्रेटरी आहे, बारा वर्षं. म्हणजे फोन न उचलणारा तो माणूस दुसऱ्या कुठल्या तरी धाग्यात मीही असू शकतो. नेवासेकर, त्या घराची मनापासून क्षमा मागावीशी वाटते. पत्रासाठी कुणाचंही शरीर थांबता कामा नये, यावर वादच नाही.

पण बाकीच्या मागणीला माझा विरोध आहे, का ते सांगतो. आमच्या भागात अशाच एका संगतीला, म्हणजे उपासनेच्या छोट्या गटाला, पंधरा वर्षांपूर्वी मोकळं सोडलं. वडील चांगले होते. दोन वर्षांत त्यातल्या दोघांचं बिनसलं, आणि आज त्याच गल्लीत तीन बोर्ड आहेत. एका ठिकाणी तर पाळक, खजिनदार आणि जागेचा मालक एकच माणूस. त्याला प्रश्न विचारायचा कुणी? याला मी विकेंद्रीकरण म्हणणार नाही, ही छोटी जहागीर झाली. लांबचा बिशप निदान दुसऱ्या गावचा असतो, आपल्या भावकीचा नसतो.

आणि कायदा आहे. मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या नावावर असते. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, दरवर्षी ऑडिट. शेडमधल्या संगतीने उद्या कुणाच्या तरी खासगी खात्यावर दानार्पण घेतलं तर त्या माणसाच्याच गळ्याला फास लागेल. अधिकार मागताना ही जबाबदारीसुद्धा मागायची तयारी आहे का?

नेवासेकर

पंच कमिटी, सरळ बोललात, आभार. जबाबदारीची तयारी आहे.

आमच्याकडे पत्र्याची एक पेटी आहे, बिस्किटांचा मोठा डबा असतो तेवढी. तिला दोन कुलपं. एक किल्ली कंपनीत कँटीन चालवणाऱ्या मावशींकडे, दुसरी एका वॉचमन भावांकडे. उपासना संपली की सतरंजीवर सगळ्यांसमोर पैसे मोजतात, एक लहान मुलगी मोठ्याने आकडा वाचते आणि तो आकडा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहितात. पुढच्या रविवारपर्यंत पुसत नाहीत. नऊ वर्षांत दहा रुपयांचाही वाद नाही. खासगी खात्यावर एक पैसा नाही. सगळं मूळ मंडळीत भरून पावती घेतो. मात्र शेडचं भाडं द्यायला त्याच पैशातून अर्ज करून, सही होऊन चेक यायला तीन-तीन आठवडे जातात. तोवर भाडं कुणीतरी पदरचं भरतं.

ट्रस्ट वेगळा नकोच आहे. त्याच ट्रस्टखाली आमच्या नावाने वेगळं खातं, सह्या आमच्या दोघांच्या, ऑडिट तुमच्या ऑडिटरचं. धर्मप्रांताचा वाटा आम्ही थेट देऊ. पाळकाच्या पगारातला आमचा हिस्साही पाच वर्षं चालू ठेवू, दरवर्षी थोडा कमी करत. पाळकाची लेक म्हणाल्या तसं उत्तर आकड्यांत द्यायचं ठरलंय, तक्ता तयार आहे.

भांडणाबद्दल. तुमच्या गल्लीत तीन बोर्ड लागले, कारण त्या वडिलांना मोकळं सोडून सगळे निघून गेले. बायबलमधला प्रेषित पौल तसं करत नाही. प्रत्येक मंडळीत वडील नेमतो, पुढे जातो, पण पत्रं लिहितो, आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पाठवतो, परत येऊन भेटतो. मिलेताला इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो तेव्हा ते सगळे त्याच्या गळ्यात पडून रडतात. पौल त्यांचा अधिकार काढून घेत नाही.

जालन्याची मावशी

मला एवढं पुस्तकी लिहिता येत नाही. एक विचारते. वडील वडील म्हणताय, ते सगळे बाप्येच का?

आमच्या वाडीतली मंडळी माझ्या सासूने आणि तिच्या दोन जावांनी उभी केली. सासू शाळेत गेली नव्हती. वचनं तोंडपाठ, आणि जात्यावरच्या चालीत गाणी म्हणायची. कापूस वेचायला जिथे जाईल तिथे दुपारच्या सुट्टीत झाडाखाली चार बायांना घेऊन प्रार्थना. पाच वर्षांत तीन वाड्यांत बैठक बसायला लागली. मग पंच नेमायची वेळ आली, तर सहाच्या सहा पुरुष. त्यातले दोघं तर तिच्याच प्रार्थनेने दारू सुटून आलेले. तिने कधी तक्रार केली नाही. मी करते.

बायबल बाई म्हणून आपल्या जुन्या बायांनी गावोगाव पायी फिरून काम केलं. मिशनच्या काळात त्यांना निदान काही पगार तरी होता.

सर्किट रायडर

मी मेथडिस्ट घरातला. आमच्याकडेही बिशप आहेत, कॉन्फरन्स, म्हणजे वार्षिक मोठी सभा, आहे, बदल्या कॉन्फरन्समध्ये जाहीर होतात, तेव्हा आम्ही फार पुढे आहोत असं नाही. पण आमच्या मुळात एक गोष्ट आहे ती सांगतो.

१७४२ साली ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट लोकांच्या इमारतीवर कर्ज होतं. एक जण म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेही जमणार नाही. तेव्हा त्या पहिल्याने सुचवलं, की माझ्याकडे अकरा गरीब माणसं द्या, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरेन. असे बारा-बारांचे गट झाले. गटाचा म्होरक्या पेनी गोळा करायला दर आठवड्याला घरोघर जायचा, आणि जाता जाता त्याला कळायचं की या घरात नवरा मारतो, त्या घरात पोर आजारी आहे, तिसऱ्याची प्रार्थना सुटलीय. त्यातून ‘क्लास मीटिंग’ उभी राहिली. म्होरके कारागीर, दुकानदार, मोलमजुरी करणारे. मावशी, त्यांत बायकाही होत्या.

पैसे गोळा करायला नेमलेली माणसं लोकांची पाळक होऊन बसली. चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली स्वतः मात्र शेवटपर्यंत सगळ्या दोऱ्या हातात ठेवून होते, हेही खरंच. तरी चळवळ टिकली ती या बारा-बारांच्या गटांमुळे. नेवासेकर, तुमचे पेटीवाले मावशी-भाऊ त्याच जागी आहेत.

हैदराबादकर

माझं आजोळ नांदेडचं, नोकरी इकडे. तेलंगणातलं डोर्नकल इथून फार लांब नाही, म्हणून तिथली गोष्ट.

१९१२ साली व्ही. एस. अझरया तिथले बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. म्हणजे केंद्र आहे, बिशप आहे, शिस्त आहे, पंच कमिटींना हवं ते सगळं आहे. पण त्यांच्या काळात मंडळी वाढली ती खेड्यातल्या अल्पशिक्षित माणसांनी. माला आणि मादिगा या दलित वस्त्यांमधले शिक्षक आणि त्यांच्या बायका, दोघं मिळून गाव सांभाळायचे. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येकाने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी सुवार्ता सांगितली नाही तर मला धिक्कार असो.’ पौलाचंच वाक्य. सुवार्ता पगारी माणसाने सांगायची आणि आपण पंगतीला बसायचं, ही सवय पहिल्याच दिवशी मोडून टाकलेली.

म्हणून मला बिशप हवा की नको, हा वाद थोडा बाजूला पडल्यासारखा वाटतो. डोर्नकलचा बिशप अधिकार वाटत होता.

जुनी पानं

हैदराबादकरांशी सहमत, त्यात आपली थोडी भर घालतो. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या. नगरकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ च्या युनायटेड चर्चमार्गे त्यात आल्या. या मंडळ्यांची जुनी रीत अशी, की सभासद मत देऊन आपला पाळक बोलावतात. अँग्लिकन लोकांकडून बिशप आले, प्रेस्बिटेरियनांकडून वडिलांची सभा. कागदावर हे तिन्ही धागे एका दोरात विणलेले आहेत. म्हणजे नेवासेकर मागतायत ते परक्या पंथाचं काही नाही, ते त्यांच्या पणजोबांच्या मंडळीत होतं.

आणि नारायण वामन टिळक. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. मला हे नेहमी टोचतं. इतका मोठा माणूस, इतकं खरं स्वप्न, पण सगळं एकाच माणसाभोवती. पंच कमिटींची भीती मला इथे पटते.

कांदा उत्पादक

‘चर्च प्लांटिंग’ला मराठीत मंडळीस्थापना म्हणतात, पण मला रोप हाच शब्द जवळचा. कांद्याचं रोप गादीवाफ्यात दाट टाकतो. पन्नास-साठ दिवस झाले की उपटून वावरात लावावंच लागतं. वाफ्यात ठेवलं तर हिरवंगार दिसतं, पण गाठ धरत नाही, आणि पुढे तिथेच मर लागते. लावणीच्या दिवशी रोप मान टाकतं, दोन दिवस पार मेल्यासारखं दिसतं. तेव्हा पाणी द्यायचं असतं, उपटून परत वाफ्यात न्यायचं नसतं.

आणखी एक, जरा काळजीचं. हल्ली शेडमध्ये पंधरा माणसं जमली तरी कुणीतरी तक्रार करतं. आमच्याकडे दोनदा पोलीस आले. दोन्ही वेळा गावातल्याच वडिलांनी सरपंचांना बोलावलं, सरपंच म्हणाले, ही आमचीच माणसं. शहरातून गाडीने येणारे पाळकसाहेब पुढे असते तर गोष्ट वेगळी झाली असती. राज्यघटनेच्या २५ आणि २६ कलमांची प्रत आमच्या रजिस्टरातच चिकटवलेली आहे. पण त्या दिवशी कामाला आली ती ओळखच.

निवृत्त पाळक

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावाने सलाम. मी छत्तीस वर्षे सेवा केली. धागा दोनदा वाचला.

माझ्याकडे चौदा गावे होती आणि एक सायकल. लोक कौतुकाने म्हणत, साहेब सगळीकडे पोहोचतात. मलाही त्याचा आनंद होता. आज वाटते, तीच माझी चूक. मी पोहोचत होतो म्हणून कुणी उभे राहिले नाही. एका गावी, नदीपलीकडे, पुरामुळे मला सलग अकरा आठवडे जाता आले नाही. पूर ओसरल्यावर गेलो तर उपासना चालू होती. एक गवंडी वचन सांगत होता, माझ्यापेक्षा साधे आणि माझ्यापेक्षा खोल. तीन नवी कुटुंबे आली होती. मी जाताच त्याने पुस्तक मिटून माझ्या हाती दिले आणि मागे जाऊन बसला. मी पुस्तक घेतले. ते घ्यायला नको होते. पुढच्या रविवारपासून तो पुन्हा श्रोता झाला, आणि मी ते होऊ दिले.

आपला सहकारी तीत याला पौल लिहितो, नगरोनगरी वडील नेम. थेस्सलनीका शहरातल्या सभास्थानात तो तीन शब्बाथ बोलला, आणि तेवढ्या थोडक्या काळात उभी राहिलेली मंडळी पुढे आसपासच्या प्रांतांना कित्ता झाली. माणसे कच्ची होतीच. त्याने कच्च्या माणसांच्या हाती दिले आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहिला.

पंच कमिटी, तुमच्याशीही सहमत आहे. एकट्या माणसाच्या हाती कधीही देऊ नका. निदान तिघे असावेत, त्यांत दोन घराणी तरी वेगळी असावीत, आणि मुदत ठरलेली असावी.

पंच कमिटी

पाळकसाहेब, गवंड्याची गोष्ट वाचून थांबलो. आमच्याकडेही एक असे आहेत, रंगकाम करतात. गेली चार वर्षं त्यांना फक्त घोषणा वाचायला देतोय.

नेवासेकर, वेगळ्या खात्याचा आणि पगाराच्या हिश्श्याचा तक्ता मला पाठवाल का? आमची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. दीक्षेच्या मुद्द्यावर मी अजून तुमच्याबरोबर नाही. खातं, पत्र आणि वडिलांची नेमणूक, एवढ्यावर बोलू शकेन.

नेवासेकर

आज रात्री पाठवतो. आमचाही ठराव याच महिन्यात मूळ मंडळीसमोर येतोय. मावशींच्या प्रश्नानंतर रविवारी उपासना संपल्यावर बसलो आणि मसुद्यात बदल केला. सहा वडील, त्यांत तीन बहिणी, मुदत तीन वर्षं, एका घरातून एकच. कँटीनवाल्या मावशी आधी नको म्हणाल्या, नंतर म्हणाल्या, किल्ली आहेच माझ्याकडे, मग नावही घाला. रांजणगावच्या सात कुटुंबांची पहिली बैठक येत्या शनिवारी, आमच्यातले दोघं जातील आणि सहा महिने जात राहतील.

जालन्याची मावशी

त्या मावशीला माझा सलाम सांगा. आणि रांजणगावला जाणाऱ्या दोघांत एक बाई असू द्या.

निवृत्त पाळक

नेवासेकर, ठराव टाइप करताना दफनाचे पत्र वेगळ्या कलमात घाला, खात्याच्या कलमात मिसळू नका. खात्यावर चर्चा लांबेल, तो मुद्दा पुढच्या सभेवर जाईल, आणि त्याबरोबर हेही जाईल. कोणत्याही दोन वडिलांची सही, त्याच दिवशी पत्र, वर्गणीची पावती न मागता, असे स्पष्ट लिहा. सह्यांचे नमुने दफनभूमीच्या कमिटीला आधीच द्या, आणि एक प्रत रखवालदाराकडे ठेवा, कारण रात्री तोच असतो.